कचरापेटीतलं कातरण

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कात्री म्हणतात. तोंडावर कात्रीकाका, पाठीमागे नुसतं कात्री. त्यांना दोन्ही चालतं. या माणसाला काय चालत नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही. सांगाल ते मुकाट्याने करायचं आणि जाताना खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून जायचं, असा स्वभाव. अशा माणसांचं जगात भलं होत नाही, हे माझं जुनं मत. ते खोटं ठरलं असतं तर मला आनंदच झाला असता.

आमची संस्था अंधांसाठी बोलती पुस्तकं तयार करते. काचेच्या बंद खोलीत बसून कुणीतरी पुस्तक वाचतं, काचेबाहेर बसून कात्री ते रेकॉर्ड करतात, मग कापतात, जोडतात आणि ते माझ्याकडे येतं. मी पुस्तक समोर उघडते, कानाला हेडफोन लावते आणि ओळन् ओळ पडताळते. पुस्तकात काय आहे आणि आवाजात काय आहे, दोन्ही शेजारी ठेवायचं आणि कुठे चुकलं ते सांगायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतल्यामुळे मी कुणाला फारशी आवडत नाही. मलाही त्याचं फार वाईट वाटत नाही.

कात्रींच्या चुका मात्र मला कधी सापडल्या नाहीत. वाचणारा माणूस अडखळतो, खाकरतो, आवंढा गिळतो, पान उलटतो, मध्येच ‘थांबा हं’ म्हणतो. हे सगळं कात्री असं काढून टाकायचे की ते तिथे होतं असा संशयही येऊ नये. दोन वाक्यांमधला श्वाससुद्धा ठेवायचे नाहीत. दुसऱ्या संस्थांची माणसं आमची पुस्तकं ऐकून थट्टेने विचारायची, तुमचे वाचणारे श्वास घेतात की नाही?

आमच्याकडे सगळ्यात चांगलं वाचायची ती कात्रींची बायको. ऑफिसात सगळ्यांची वहिनी. काचेच्या आत वहिनी आणि बाहेर कात्री, अशी दोघांची वीसेक वर्षं गेली. घरी त्यांना बोलायला सवड नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी लहान, नळाला पाणी येण्याच्या वेळा विचित्र. मग संसार चालायचा तो माइकवरून. एक परिच्छेद वाचून झाला की वहिनी त्याच सुरात सुरू व्हायच्या. दूध संपलंय. मुलीच्या बुटाचा तळ निघालाय, आज नाही शिवून आणलात तर तिला उद्या पाठीवर घेऊन शाळेत जा. तुमच्या बहिणीचा फोन आला होता, काय हवंय ते बोलली नाही, म्हणजे काहीतरी नक्की हवंय. या लेखकाला पूर्णविरामाचं वावडं आहे का हो? बाहेरून कात्री बटण दाबायचे आणि एवढंच म्हणायचे, ‘परत एकदा.’ की वहिनी पुन्हा परिच्छेदाच्या सुरुवातीला.

हे मी सांगते ते कात्रींकडून ऐकलेलं. मी दुसऱ्या खोलीत. माझ्यापर्यंत यायचं ते धुतलेलं, निथळलेलं पुस्तक.

यंत्र चालूच असायचं, त्यामुळे वहिनींचं हे बोलणंही रेकॉर्ड व्हायचं. कात्री ते कापायचे, पण टाकायचे नाहीत. कापलेले तुकडे पुस्तकागणिक एका फाइलमध्ये जोडून ठेवायचे आणि त्या फाइलला नाव द्यायचे ‘कातरण’. का ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, असू दे, कधी लागलं तर. शिंपीसुद्धा उरलेल्या कापडाबद्दल हेच म्हणतो, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

मग वहिनींचा घसा बसला. गरम पाणी झालं, मीठ झालं, बोलणं बंद ठेवून झालं. घसा बसलेला नव्हताच, आत गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, हे सगळ्यांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं की त्या वाक्याचा चोथा झाला. आता वहिनींच्या गळ्याला पुढच्या बाजूने भोक आहे. त्यावर त्या पातळ रुमाल बांधतात, श्वास तिथूनच घेतात आणि बोलायचं असलं की छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहितात. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं. ते त्यांनी एकदाच लावून पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘हा कोण मेला बोलतोय?’ यंत्र खोक्यात गेलं ते गेलंच. पाठोपाठ फर्मान निघालं की माझा आवाज या घरात लागता कामा नये. पुस्तक नाही, तुकडा नाही, काही नाही. कात्रींनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्याच सुमाराला ऑफिसात डबा आला.

तोवर आमच्या फायली म्हणजे नुसता सावळा गोंधळ होता. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन ड्रॉवरमधल्या तीन हार्ड डिस्कवर, एकीवर ‘फायनल’, दुसरीवर ‘नवीन फायनल’, तिसरीवर ‘हीच घ्या’. नवीन व्यवस्थापक आले आणि हे बघून त्यांना जेवण जाईना. त्यांना आम्ही टापटीप म्हणतो. माणूस वाईट नाही. टेबलावरची दोन पेनं समांतर नसली तर त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतकंच. त्यांनी ठरवलं, सगळं एका जागी आणायचं. नेटवर्कला जोडायचं एक स्टोरेज घ्यायचं, सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून त्यातच काम करायचं, ड्रॉवरमधल्या डिस्क त्यात उतरवून भंगारात. आणि हे सगळं बसवायचं, सांभाळायचं कुणी? कात्रींनी.

खोक्यातून निघालं ते ब्रेडच्या डब्याएवढं काळं पेटाडं. आत दोन डिस्क, मागे पंखा, पुढे चार हिरवे दिवे. कात्रींनी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, जसं जगात कुणीही वाचत नाही. मग प्रत्येकाचं नाव घालून कोण काय बघू शकेल, कोण काय बदलू शकेल, कोण काय पुसू शकेल, हे एकेक करून ठरवलं. मला सगळं ऐकायची परवानगी मिळाली, कशातही बदल करायची नाही. माझ्या आयुष्याचं तेच धोरण असल्यामुळे मी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती पंख्याची. नव्या रेकॉर्डिंगमध्ये खाली बारीक घूं घूं ऐकू येत होती. डबा काचेच्या खोलीला लागून ठेवला होता, ती त्याचीच घरघर. मग कात्रींनी तो उचलून बोळाच्या टोकाच्या कपाटात नेला, कपाटाच्या दाराला हवेसाठी भोकं पाडली, छताच्या कडेने वायर ओढली, वीज गेली तर चालावा म्हणून खाली बॅटरी ठेवली. शिडीवरून उतरले तेव्हा कोळिष्टकांनी भरले होते आणि खूश होते. त्या दिवशी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या वर्षभरात बोलले नसतील. म्हणाले, ‘ताई, दोन डिस्क आहेत आणि दुसरी पहिलीचा आरसा आहे. इकडे लिहिलं की तिकडे आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जिवंत. आता आपलं काही जात नाही.’

आरशासमोर उभं राहून कुंकू पुसलं तर आरशातलंही पुसलं जातं, हे तेव्हा मला सुचायला हवं होतं असं नाही. डबा माझ्या डोक्याबाहेरचा विषय होता. पण ज्याच्या डोक्यातला होता त्याला तरी सुचायला हवं होतं.

टापटीपांनी जागेचे वाटे पाडून दिले. रेकॉर्डिंगला इतकी, कापाकापीला इतकी, तयार पुस्तकांना इतकी. आणि एक नियम काढला की पुस्तक बाहेर पडलं की त्याचा कच्चा माल पुसून टाकायचा. नियमात खोट काही नव्हती. जागा लागते, प्रकाशकांच्या अटी असतात, दुसऱ्याचं पुस्तक आपल्याकडे विस्कटलेल्या अवस्थेत पडून राहू नये. त्याच अटींसाठी पेनड्राइव्ह बंद झाले. कुणी काही बाहेर नेऊ नये म्हणून सगळ्यांच्या कॉम्प्युटरची भोकं कात्रींनीच बुजवली.

आणि मग त्यांनी वहिनींचं कातरण पुसलं. नियमाप्रमाणे, टापटीपांच्या देखत. सगळ्या जुन्या पुस्तकांचं, एका बैठकीत.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. डब्यात एक कचरापेटी असते. पुसलेल्या फायली आधी तिथे जाऊन पडतात. ठरावीक दिवसांनी पेटी आपोआप रिकामी होते, म्हणजे तसं ठरवून ठेवलं असेल तर. कात्रींनी तसं ठेवलं नव्हतं. कधीच रिकामी करू नये, असं ठेवलं होतं. कचरापेटीतलं सामान कुणाच्या वाट्याच्या जागेत मोजलं जात नव्हतं, टापटीपांना दर सोमवारी जाणाऱ्या तक्त्यातही दिसत नव्हतं. जन्मभर सरळ रेषेत चाललेला माणूस एकदा वाकडा चालला, तोही कचऱ्याच्या आडोशाने. ‘नियम पाळला ना मी,’ ते मला म्हणाले होते, ‘पुसलंय की.’ कुठे ठेवलंय ते मात्र त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

दुपारी आम्ही जेवणाचे डबे उघडायचो तेव्हा कात्री पाच मिनिटांत जेवण उरकून आपल्या खुर्चीवर जायचे, हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे. मधूनच हसायचे. एकदा मी चहा ठेवायला गेले तर हात वर करून मला थांबवलं, वाक्य पूर्ण होईपर्यंत. मग हेडफोन काढून म्हणाले, मला ओरडतेय. इतक्या समाधानाने म्हणाले की मला मत्सर वाटला. ओरडणारंही कुणी नसलं की काय होतं ते मला माहीत आहे.

घरी का नेलं नाही, असं पुढे सगळ्यांनी त्यांना विचारलं. घरी फर्मान होतं. चोरून नेलं असतं तर कुठे ठेवलं असतं? एवढ्याशा दोन खोल्यांत वहिनींच्या हाती लागलं नाही असं काय राहिलंय? आणि नेणार कशावर? भोकं त्यांनीच बुजवलेली. बाहेरची एक तिसरी प्रत असायची खरी. दर आठवड्याला डब्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर निघायची आणि ती डिस्क टापटीपांच्या घरच्या कपाटात जायची. कात्रींनी त्या नकलेतून कचरापेटी वगळली होती, कारण नक्कल करताना कशाकशाची केली त्याची नोंद टापटीपांना दिसायची. शहाणपणाच्या एकेका पायरीने माणूस विहिरीत कसा उतरतो, ते यावरून समजावं.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असेल आणि त्यांनी पुढे ढकलली असेल. पेटी रिकामी करायची नाही म्हणजे कुणाचीच नाही. आम्ही सगळे दिवसभर काहीबाही पुसत होतो. फसलेली रेकॉर्डिंग, दोनदा उतरलेली पुस्तकं, नको असलेले धडे. ते सगळं वहिनींच्या बोलण्यावर साचत गेलं. वाटे आखून दिलेले, तक्ते नीटनेटके, आणि डबा आतून भरत चाललेला.

वहिनींच्या गळ्याची तपासणी होती, म्हणून कात्रींनी आठवड्याची रजा घेतली होती. दवाखाना लांबच्या शहरात होता आणि आत गेलं की फोन बंद ठेवावा लागायचा. त्यातल्याच एका सकाळी एक वयस्कर प्राध्यापक वाचायला आले होते, काठी टेकत, दोन जिने चढून. काचेच्या खोलीत बसले, घसा साफ केला, पहिलं पान वाचलं आणि रेकॉर्डिंग बंद पडलं. पडद्यावर आलं, जागा शिल्लक नाही. टापटीपांनी कात्रींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. प्राध्यापक आत पाणी पीत बसले होते. टापटीपांकडे डब्याचा दुसरा पासवर्ड होता. एकाच माणसाच्या हाती किल्ली असू नये, असं सांगून तो कात्रींनीच त्यांना दिला होता. त्यांनी डब्याचं पान उघडलं. सगळ्यात जास्त जागा कशाने खाल्ली ते तिथे ठळक लिहिलेलं होतं: कचरापेटी. शेजारी बटण होतं.

मी तिथेच उभी होते. टापटीप म्हणाले, बघा, इतका कचरा साठवून ठेवलाय, एरवी एवढा शिस्तीचा माणूस. आणि बटण दाबलं. दाबणारच. कुणीही दाबलं असतं. चहा होईपर्यंत पेटी रिकामी झाली, प्राध्यापकांनी दुसरं पान सुरू केलं, आम्ही सगळे आपापल्या जागी गेलो. एवढी जागा मोकळी झाल्याचं बघून टापटीपांना हुरूप आला. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या जुन्या सीडी होत्या, त्या त्यांनी माणूस बसवून उरलेला आठवडाभर डब्यात उतरवून घेतल्या. डबा पुन्हा काठोकाठ भरला, या वेळी नीटनेटका.

कात्री रजेवरून आले ते हसतमुख होते, तपासणी चांगली झाली होती. दुपारी जेवण उरकून खुर्चीवर गेले. हेडफोन लावले. पडद्यावर कचरापेटी उघडली, बंद करून पुन्हा उघडली. हेडफोन काढून उठले, बोळाच्या टोकाला जाऊन कपाट उघडून दिव्यांकडे बघून आले. परत येऊन टापटीपांना हळू आवाजात विचारलं, डबा कुणी उघडला होता का? टापटीपांनी सगळं सांगितलं, उत्साहाने. कात्री म्हणाले, ‘बरं केलंत.’

मग पुन्हा बोळात गेले आणि आत आणखी काही लिहिलं जाऊ नये म्हणून डबा बंद केला. कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांची कामं अर्ध्यावर मेली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कुणाला न विचारता, उघडपणे काही केलं.

खरं काय ते त्यांनी टापटीपांना त्याच दुपारी सांगितलं. मी दारात होते. टापटीप खुर्चीवर बसले आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, कचरापेटीत ठेवलं होतं? तुम्ही? कचरापेटीत? कचऱ्याच्या डब्यात दागिना ठेवायचा आणि झाडणाऱ्याला धरायचं, याला अर्थ नाही, हे मला कळत होतं. तरी मला टापटीपांचा राग आला, आणि कात्रींचा त्याहून जास्त. इतकं तोंड मिटून कशाला जगायचं? एकदा सांगायचं होतं मोठ्याने की माझ्या बायकोचं बोलणं आहे, मला ठेवायचंय. टापटीपांनी स्वतःच्या हाताने त्याचा वेगळा, नाव घातलेला कप्पा करून दिला असता, कडा जुळवून. पण मागायची सवय नसलेल्या माणसाला चोरीसुद्धा नीट करता येत नाही.

टापटीपांनी एक बरं केलं. ऑफिस बंद ठेवलं आणि दोन्ही डिस्क कात्रींच्या हाती दिल्या. डिस्कमधून गेलेलं परत काढून देणारा एक माणूस होता, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवरच्या माळ्यावर बसायचा. मीही बरोबर गेले. त्याने एक डिस्क बघितली, दुसरी बघितली. कात्री म्हणत होते, दुसरी आरसा आहे, एकीत नसेल तर दुसरीत असेल. तो माणूस चांगला होता. हसला नाही. म्हणाला, काका, दोघींनी एकाच क्षणी पुसलंय. आणि पुसल्यावरही सापडलं असतं, पण त्या जागेवर नंतर भरपूर काही लिहिलं गेलंय. प्रयत्न करतो.

त्याने प्रयत्न केला. सापडलेले तुकडे एका फोल्डरमध्ये घालून दिले. नावं नाहीत, क्रम नाही. कात्रींनी ते माझ्यासमोर ऐकले, हेडफोनचा एक कान मला देऊन. कुठे दुसऱ्याच कुणाचं वाचन, कुठे नुसती खरखर, कुठे खुर्ची सरकल्याचा आवाज. एका तुकड्यात आतल्या खोलीची ती विशिष्ट शांतता होती, आणि त्या शांततेत बाहेरून आलेला, जरा लांबचा, एक पुरुषाचा आवाज. ‘परत एकदा.’ मग तुकडा संपला. तो त्यांचा स्वतःचा आवाज होता. वहिनी पुढे काय म्हणाल्या ते त्यात नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघं एक वेड्यासारखं काम करायला लागलो. वहिनींची तयार पुस्तकं तर होतीच, शेकडो तासांची. ती कुठे जात नाहीत. आजही कुठल्या कुठल्या घरांत कोण कोण ती ऐकत बसलेलं असेल. वहिनींचा आवाज जगात भरपूर आहे, पण त्यात वहिनींचं स्वतःचं एक वाक्य नाही. आम्ही ती ऐकायला बसलो, एखादं तरी सुटलेलं सापडेल म्हणून. एखादं ‘अहो’, एखादा सुस्कारा, एखादा खोल घेतलेला श्वास. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली की माझ्या नजरेतून, म्हणजे कानातून, काहीतरी निसटलेलं असावं. एक चूक, फक्त एक. काही सापडलं नाही. कात्रींनी काम चोख केलं होतं, आणि मी ते चोख तपासलं होतं.

कात्री वाळत गेले. डबा पुन्हा चालू झाला, त्यांनी सगळ्या व्यवस्था नीट लावल्या, नक्कल तीन जागी ठेवली, कचरापेटी महिन्याने आपोआप रिकामी होईल असं केलं. आता काही जाणार नाही, असं ते आता म्हणत नाहीत. दुपारी ते आमच्यात बसून जेवतात, शेवटपर्यंत, सावकाश. ते बघवत नाही.

वहिनींना सांगितलं नव्हतं. काय सांगणार? जे ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं ते ठेवलं होतं, आणि आता ते गेलं, म्हणून मी रडतोय? पण वीस वर्षं काचेतून नवऱ्याच्या तोंडाकडे बघून वाचलेल्या बाईला तोंड वाचता येतं. घरी वहिनी फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या, ‘काय झालंय?’ आणि ते म्हणायचे, काही नाही. शेवटी एका रविवारी मला म्हणाले, ताई, तुम्ही या बरोबर, मला एकट्याला जमणार नाही.

सकाळची वेळ होती. वहिनी खिडकीपाशी बसून निवडटिपण करत होत्या. मला बघून उठल्या, रुमाल सारखा केला, चहाची खूण केली. मी नको म्हटलं. कात्री त्यांच्या समोर स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. डबा, कचरापेटी, बटण, डिस्कवाला. ‘तुझं बोलणं होतं माझ्याकडे,’ म्हणाले. ‘रोज ऐकायचो. गेलं सगळं. माझ्यामुळे गेलं.’

मला वाटलं वहिनी रागावतील. त्यांनी फळा मांडीवर घेतला. लिहिलं, ‘कुठलं बोलणं?’

‘मधलं. परिच्छेदांच्या मधलं. तू मला जे जे बोलायचीस ते.’

त्यांनी पुसून लिहिलं, ‘काय बोलायचे मी?’

कात्री सांगू लागले. दूध, मुलीचे बूट, बहिणीचा फोन, पूर्णविरामाचं वावडं असलेला लेखक. सांगता सांगता त्यांचा आवाज बदलत गेला. ते वहिनींसारखं बोलू लागले, तशीच मान झटकून, शेवटचा शब्द तसाच ओढून. वहिनींच्या ओठांच्या कडा हलल्या. बुटाच्या गोष्टीला त्यांचे खांदे हलले, त्या हसत होत्या. हसण्याचा आवाज रुमालाखालून नुसती हवा होऊन येत होता. मला वाटलं, चला, एवढं तरी वाचलं. माणूस डोक्यात ठेवतो ते कुठल्या बटणाने जात नाही.

मग कात्री थांबले आणि खाली बघून म्हणाले, ‘आणि एकदा काचेवर वाफ धरली होती. तू वाचायचं थांबलीस. म्हणालीस, अहो, काच पुसा. तुमचं तोंड दिसलं नाही की मला वाचता येत नाही.’

वहिनींचं हसू गेलं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग फळा हळूहळू, कोपरान्‌कोपरा पुसला आणि लिहिलं, ‘हे मी म्हणाले नाही.’

‘म्हणालीस. ते तर मी सगळ्यात जास्त ऐकायचो.’

त्यांनी डोकं हलवलं. लिहिलं, ‘मी असं बोलत नसे.’ ‘नसे’च्या खाली रेघ मारली.

‘अगं, होतं ते. होतं.’

त्यांनी फळा माझ्याकडे वळवला. कात्रींनीही माझ्याकडे बघितलं. त्या लाजून नाकारत होत्या, की खरंच कधी म्हणाल्या नव्हत्या, आणि ते वाक्य कात्रींनी इतक्या दुपारी डोळे मिटून स्वतःच रचलं होतं? मी दोघांची तोंडं पुन्हा पुन्हा बघितली. जन्मभर मी हेच काम केलंय, काय होतं आणि काय नव्हतं ते दोन्ही शेजारी ठेवून सांगायचं. त्या दोघांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि माझ्याजवळ शेजारी ठेवायला काहीही नव्हतं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. कात्रींनी मान हलवली.